कोणते शाहू, कोणत्या आनंदीबाई? एका नावाच्या अनेक नामवंतांविषयी

मासुंदाकाठ (नौपाडा, ठाणे), धागाकर्ता

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात उन्हाळ्याच्या सुटीत मुलांकडून भिंतीवरचे एक छोटे प्रदर्शन करून घेण्याची पद्धत आहे. यंदाचा विषय आहे महाराष्ट्रातील नामवंत व्यक्ती. पुठ्ठ्याची कार्डे मी कापून दिली, मजकूर मुलांनी लिहायचा असे ठरले आणि चित्रांसाठी स्टेशनरीच्या दुकानातून थोर व्यक्तींचे ते नेहमीचे छापील तक्ते आणले, ज्यांवर बोटभर चौकटीत चित्र आणि पाठीमागे चार ओळींची माहिती असते. पाचवीतील एक मुलगी शाहू महाराजांचे चित्र कापून त्याला डिंक लावणार, तोच तिने पाठीमागचा मजकूर वाचला आणि मला विचारले, ‘‘आजोबा, यांचा जन्म १८७४ चा आहे, मग यांनी १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवे कसे केले?’’ चित्र राजर्षी शाहूंचे होते, जन्मसालही त्यांचेच होते, परंतु कर्तृत्वाच्या चार ओळींपैकी दोन साताऱ्याच्या शाहूंच्या होत्या.

वस्तुतः येथे दोन नव्हे, किमान तीन शाहू आहेत. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू १६८२ साली जन्मले, रायगड पडल्यावर १६८९ पासून मोगलांच्या कैदेत राहिले, १७०७ साली सुटले आणि १७४९ पर्यंत साताऱ्याच्या गादीवर होते. त्यांचे जन्मनाव शिवाजी होते, म्हणजे आजोबांचे निधन झाल्यावर दोन वर्षांनी जन्मलेल्या नातवाला आजोबांचेच नाव मिळाले होते. त्यानंतर साताऱ्यालाच १७७७ ते १८०८ या काळात दुसरे शाहू झाले, ज्यांना बखरी आणि इतिहासलेखक धाकटे शाहू म्हणतात आणि ज्यांची आठवण आता फारशी कोणाला राहिलेली नाही. तिसरे कोल्हापूरचे राजर्षी शाहू, म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. कोल्हापूरचे चौथे शिवाजी यांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १८८४ साली त्यांना दत्तक घेतले, १८९४ साली राज्याधिकार त्यांच्या हाती आला आणि २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. गंमत अशी की, सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांचे वैर साताऱ्याच्या थोरल्या शाहूंच्याच काळात पेटले होते आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने कसेबसे मिटले होते. त्याच प्रतिस्पर्ध्याचे नाव दीडशे वर्षांनी कोल्हापूरच्या दत्तकपुत्राला दिले गेले.

त्या मुलीच्या प्रश्नामुळे प्रदर्शनाचा विषयच बदलून आम्ही ‘नाव एक, माणसे अनेक’ असा केला आहे. आपणा सर्वांकडून अशा जोड्या आणि त्रिकुटे हवी आहेत. अट एवढीच की, आडनाव सारखे असणे पुरेसे नाही. माणूस ज्या नावाने लोकांत ओळखला जातो ते नाव सारखे हवे आणि काळ वेगळा हवा. कोणी गल्लत केल्याचे उदाहरण ठाऊक असेल तर तेही सांगावे, कारण मुलांना थोरांच्या कर्तृत्वापेक्षा मोठ्यांच्या चुका अधिक आवडतात, असा माझा अनुभव आहे.


ग्रंथतालिका (वाशी)

मी तीस वर्षे ग्रंथालयात तालिकेचे काम केले असल्यामुळे हा विषय माझ्या अगदी बोटांखालचा आहे. मराठी ग्रंथकाराची नोंद आडनावाने करतात, याची अनेकदा तक्रार होते, परंतु त्यामागचे एक कारण आपल्या धाग्यातच आहे. आपल्याकडे केवळ नावच नव्हे, तर नाव आणि वडिलांचे नाव ही जोडीसुद्धा जशीच्या तशी पुन्हा अवतरते. ‘बाळ गंगाधर’ म्हटल्यावर दहांपैकी नऊ जण टिळकांचे नाव घेतील. परंतु ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर यांच्या वडिलांचे नावही गंगाधरशास्त्री होते आणि ते स्वतःची सही बाळ गंगाधर शास्त्री जांभेकर अशी करीत. पुढे १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला हेच नाव होते) बाळासाहेब खेर हेही बाळ गंगाधर खेर. जांभेकर पोंभुर्ल्याचे, टिळक आणि खेर दोघांचाही जन्म रत्नागिरीचा, म्हणजे तिघेही कोकणचे. पहिल्या दोघांनी तर वृत्तपत्रेही काढली. त्यातही टिळकांचे पाळण्यातील नाव केशव होते आणि बाळ हे घरातले लाडाचे नाव होते, त्यामुळे ही जोडी पूर्णपणे योगायोगाने जुळलेली आहे.

एकदा एक विद्यार्थी ‘बाळ गंगाधर यांचा वृत्तपत्राविषयीचा लेख’ एवढेच कागदावर लिहून आला होता. मी विचार न करता टिळकांचा खण ओढला आणि केसरीतील अग्रलेखांचे खंड त्याच्यापुढे ठेवले. मुलगा दोन तास बसला. जाताना त्याने अगदी संकोचाने सांगितले की, त्याच्या शिक्षकांनी १८३२ चा लेख सांगितला होता. माझ्या हातातील ते कार्ड मी अजून विसरलेले नाही, त्याच्या कडा बोटांनी चोळून काळ्या झाल्या होत्या आणि त्याच्यामागे, अगदी त्याच खणात नसले तरी दोन खण अलीकडे, ‘जांभेकर’ शांतपणे उभे होते.


पनवेलवासी

ग्रंथतालिका ताईंच्या जोडीला आमच्या बाजूची जोडी देतो. आमच्या पनवेलच्या नाट्यगृहाला आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे, कारण शिरढोण हे त्यांचे जन्मगाव आमच्याच तालुक्यातले. जन्म १८४५ चा. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी. १८७९ साली रामोशी आणि इतर साथीदारांसह बंड. पुढे जन्मठेप होऊन एडनच्या तुरुंगात १८८३ साली मृत्यू. आता दुसरे वासुदेव बळवंत. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले. त्या विद्यार्थ्याचे नाव वासुदेव बळवंत गोगटे. म्हणजे नाव तेच, वडिलांचे नाव तेच, शहर तेच आणि विरुद्ध बाजूला सरकारही तेच. लोकांनीच यावर तोडगा काढला आणि गोगट्यांना जन्मभर ‘हॉटसन गोगटे’ म्हटले. ज्याच्यावर गोळी झाडली त्याचेच नाव झाडणाऱ्याच्या नावापुढे येऊन बसल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.


खाडीपूल (कळवा)

ठाण्यात बसून हा धागा निघाला आणि चिमाजी अप्पांचे नाव अजून आले नाही, याचे आश्चर्य वाटले. थोरल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत १७३७ साली ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला गेला, तेव्हा त्याचे बांधकाम अजून पुरे व्हायचे होते. १७३९ साली वसई पडली. बाजीराव आणि चिमाजी दोघेही १७४० साली, काही महिन्यांच्या अंतराने गेले.

या बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव. त्यांनी आपल्या मुलाचे नाव बाजीराव ठेवले आणि धाकट्याचे चिमाजी. म्हणजे आजोबा आणि चुलत आजोबा यांची जोडी जशीच्या तशी पुढच्या पिढीत उभी केली. परंतु नावांबरोबर नशीब आले नाही. दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा जो तह केला, तो कोठे केला? वसईला. ज्या वसईसाठी पहिल्या चिमाजी अप्पांच्या सैन्याने एवढी माणसे खर्ची घातली, त्याच वसईला पहिल्या बाजीरावांच्या त्याच नावाच्या नातवाने मराठी राज्याचे स्वातंत्र्य लिहून दिले. ठाण्याच्या किल्ल्याचेही तसेच. तो १७७४ साली इंग्रजांनी घेतला आणि दुसऱ्या बाजीरावांचे विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे यांना तेथेच कैदेत ठेवले. १८१६ च्या सप्टेंबरमध्ये ते तेथून निसटले. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे आणि मी रोज त्याच्या भिंतीकडेने जातो.

मुलांना सांगताना मात्र एक सावधगिरी बाळगावी. ‘बाजीराव पेशवे’ एवढेच लिहिले की पहिल्यांची कीर्ती दुसऱ्यांना आणि दुसऱ्यांची अपकीर्ती पहिल्यांना चिकटते. पहिल्यांना ‘थोरले’ हे विशेषण लावलेच पाहिजे. तीच गोष्ट माधवरावांची. थोरले माधवराव थेऊरला १७७२ साली क्षयाने गेले आणि सवाई माधवराव हे त्यांचे पुतणे, ज्यांचा अंत १७९५ साली शनिवारवाड्यात झाला. ‘सवाई’ म्हणजे सव्वापट, परंतु थोरल्यांच्या सव्वापट होण्याइतके आयुष्य त्या एकवीस वर्षांच्या मुलाला मिळाले नाही.


हिशेबनीस (कोपरी)

खाडीपूल यांच्या प्रतिसादात एक भर घालतो, दुरुस्ती नव्हे. दुसऱ्या चिमाजी अप्पांना केवळ धाकटे बंधू म्हणून सोडून देऊ नये, कारण १७९६ साली ते काही महिने स्वतः पेशवे होते. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर नाना फडणविसांना रघुनाथरावांचे थोरले चिरंजीव गादीवर नको होते, म्हणून सवाई माधवरावांच्या विधवा पत्नी यशोदाबाई यांच्याकडून चिमाजी अप्पांना दत्तक घेववले. नाते मांडून पाहावे. नारायणराव आणि चिमाजी हे चुलत भाऊ, त्यामुळे चिमाजी हे सवाई माधवरावांचे चुलत काका होते. दत्तकविधानाने काका पुतण्याचा मुलगा झाला. त्याच वर्षअखेरीस बाजीरावांना पेशवाई मिळाली आणि ते दत्तकविधान मोडीत निघाले. प्रदर्शनात वंशवृक्ष काढणार असाल तर येथे खोडरबर जवळ ठेवावा.

शिवाय नानासाहेब विसरू नयेत. पानिपतच्या वेळचे नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव, जे १७६१ साली पर्वतीवर गेले. १८५७ चे नानासाहेब पेशवे म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र धोंडोपंत, ज्यांचे ठाणे पुण्यात नव्हे, तर गंगेकाठी ब्रह्मावर्त ऊर्फ बिठूर येथे होते. दोघांचीही खरी नावे वेगळी असताना घरगुती नावाने गल्लत होते. नाना, तात्या, अण्णा, अप्पा, बापू या नावांचा हिशेब मांडू गेल्यास प्रदर्शनाला एक भिंत पुरणार नाही.


नेरूळची ओवी

पुरुषांची नावे आजोबांकडून येतात, हे वर आलेच आहे. स्त्रियांच्या बाबतीत मात्र वाट निराळी आहे आणि ती कोणी सांगितलेली नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या एका मुलीचे माहेरचे नाव यमुना होते. नवव्या वर्षी पोस्टातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. हीच १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणारी डॉ. आनंदीबाई जोशी. साधारण त्याच सुमारास जन्मलेली दुसरी यमुना, माहेरची कुर्लेकर, न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह झाल्यावर रमाबाई झाली. म्हणजे दोन यमुनांपैकी एकीची आनंदी झाली आणि एकीची रमा, आणि दोन्ही नवी नावे पेशवाईत आधीच गाजलेली होती. थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई १७७२ साली थेऊरला सती गेल्या. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंचे नाव नारायणरावांच्या खुनाच्या संदर्भात ‘ध’चा ‘मा’ केल्याच्या आख्यायिकेने इतके बदनाम झाले की, त्यानंतरही घराघरांत सुनांना ते नाव देत राहिले, याचे मला नवल वाटते. मासुंदाकाठ काकांच्या पहिल्या लेखात राजर्षी शाहूंना दत्तक घेणाऱ्या राणीचे नावही आनंदीबाईच आहे, हे कोणाच्या लक्षात आले का?

आता पंडिता रमाबाई. १८५८ साली जन्मलेल्या या रमाबाईंना हे नाव सासरकडून मिळालेले नव्हते, ते वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी ठेवलेले होते, आणि ‘पंडिता’ ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांच्या संस्कृत विद्वत्तेसाठी दिली. १८८२ साली त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला, तेव्हा त्या सभांना नियमाने जाणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. एका खोलीत दोन रमाबाई असल्यावर ‘पंडिता’ हे उपपद केवळ मानाचे राहत नाही, ते ओळखीसाठी लागते. या पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात उपस्थित होत्या. पुढे त्यांनीच काढलेल्या शारदासदनात गोदूबाई नावाची एक बालविधवा शिकायला आली. १८९३ साली तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि नव्या घरात तिचे नाव काय ठेवले? आनंदीबाई! याच पुढे घरीदारी बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. म्हणजे एका रमाबाईंच्या भोवतीच दुसऱ्या रमाबाई आणि दोन आनंदीबाई आहेत. रमाबाई आंबेडकर (१८९८–१९३५) यांचा काळ त्यानंतरचा, आणि आज एखाद्या वसाहतीला ‘रमाबाईनगर’ नाव असेल तर ते बहुधा त्यांच्याच स्मरणार्थ असते.

एक कटू गोष्टही सांगते. माझ्या आजीचे माहेरचे नाव मला तिच्या मृत्यूनंतर, जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे शाईने लिहिलेले आढळले. घरात कोणालाच ते ठाऊक नव्हते. प्रदर्शनाच्या कार्डांवर या स्त्रियांची माहेरची नावेही लिहावीत, एवढी विनंती आहे.


मासुंदाकाठ

ओवी ताई, विनंती मान्य आहे. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात ‘माहेरचे नाव’ अशी एक ओळ वाढवतो. आपल्या प्रतिसादामुळे माझ्या मांडणीतील एक मोठी उणीव भरून निघाली.


अभंगवाणी (ऐरोली)

संतांच्या बाबतीत नावाची गल्लत ही केवळ ओळखीची अडचण नाही, ती साहित्याची अडचण आहे, कारण अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा हीच त्याची सही असते. ‘नामा म्हणे’ हे शब्द दिसले की अभंग संत नामदेवांचा (१२७०–१३५०), असे आपण धरून चालतो. परंतु सोळाव्या शतकात, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा नावाचे कवी होऊन गेले आणि त्यांचीही मुद्रा ‘नामा’ किंवा ‘विष्णुदास नामा’ अशी आहे. हस्तलिखिते उतरवून घेणाऱ्यांनी भक्तिभावाने सगळे नामे एकत्र केले, त्यामुळे नामदेव गाथेत नंतरच्यांची रचना मिसळली आणि ती वेगळी काढता काढता संशोधकांची पुरेवाट झाली. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे ते विष्णुदास भावे आणखी वेगळे. ते मूळचे विष्णु अमृत भावे, १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ करणारे. आणि विसाव्या शतकात दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेले कवी नामदेव ढसाळ (१९४९–२०१४). त्यांनी आपल्या कवितेत ‘नामा म्हणे’ लिहिले नाही, हे भावी संशोधकांवर उपकारच आहेत.

बहिणाबाईंचा घोटाळा तर मी दरवर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहतो. संत बहिणाबाई (१६२८–१७००) या तुकोबांच्या शिष्या, वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या, समाधी शिऊरला. वारकरी संप्रदायाच्या इमारतीचा पाया ज्ञानदेवांनी रचला आणि तुका कळस झाला, हे रूपक ज्या अभंगात आहे तो यांचा आहे, आणि त्यात ‘बहेणी’ ही मुद्राही आहे. दुसऱ्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१), खानदेशातील असोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, जात्यावर आणि शेतात ओव्या रचणाऱ्या. त्यांच्या ओव्या मुलाने उतरवून घेतल्या. त्या मुलाचे नाव काय, तर सोपानदेव! ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावाचे. एकदा निवेदकाने तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई अशी ओळख करून दिली आणि पडदा उघडताच लेवा गणबोलीतील संसाराची कविता सुरू झाली. सभागृहात कोणाला काही खटकले नाही.

सोयराबाईंची जोडी थोडक्यात सांगतो. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई चौदाव्या शतकातील, शिवाजी महाराजांच्या पत्नी सोयराबाई सतराव्या शतकातील. दोघींमध्ये नावापलीकडे काहीही समान नाही.


पारसिकपल्याड (मुंब्रा)

रामदासांची नोंद करावी. समर्थ रामदास (१६०८–१६८१) हे सर्वांना ठाऊक आहेत. शिखांचे चौथे गुरू रामदास (१५३४–१५८१) त्यांच्या आधीचे, अमृतसर वसवणारे. तिसरे स्वामी रामदास (१८८४–१९६३), केरळातील कान्हनगडच्या आनंदाश्रमाचे. यांतील एकाचेही पाळण्यातील नाव रामदास नव्हते. समर्थ हे नारायण, गुरू हे जेठा आणि स्वामी हे विठ्ठलराव. म्हणजे आजोबांकडून येणारे नाव, सासरी मिळणारे नाव आणि स्वतः घेतलेले नाव, अशा तीन वाटा झाल्या.


ग्रंथतालिका

चौथी वाट कायद्याची. मुंबईचे सर जमशेदजी जीजीभॉय (१७८३–१८५९) यांना १८५७ साली बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यांच्यानंतर १८६० साली खास कायदा करून असे ठरवले गेले की, जो कोणी तो किताब आणि त्याबरोबरची मिळकत घेईल त्याने जमशेदजी जीजीभॉय हेच नाव धारण करावे. त्यामुळे त्यांचे चिरंजीव करसेटजी हे दुसरे सर जमशेदजी झाले आणि पुढेही तसेच चालू राहिले. तालिका करणाऱ्यांना क्रमांक लावण्यावाचून गत्यंतर नसते. पेशव्यांनी जे हौसेने केले ते येथे कायद्याने सक्तीचे झाले.


खगोलप्रेमी (घणसोली)

धागा इतिहास आणि संतसाहित्य यांत रमला आहे, म्हणून गणिताकडे वळवतो. पहिले भास्कराचार्य सातव्या शतकातील. त्यांनी ६२९ साली आर्यभटीयावर भाष्य लिहिले. दुसरे भास्कराचार्य १११४ साली जन्मलेले आणि ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण करणारे. लीलावती हा त्याचाच भाग. शाळेतील भाषणांत या दोघांत पाचशे वर्षांचे अंतर आहे, याचे भान क्वचित ठेवले जाते.

परंतु माझ्या दृष्टीने अधिक रंजक गोष्ट नातवाची आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यावरून दुसऱ्या भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढल्याचे कळते. या नातवाचे नाव चांगदेव, आणि तो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. चांगदेव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला आलेले योगी चांगदेव उभे राहतात. ज्ञानेश्वरांचा काळ त्या शतकाच्या अखेरीचा आहे. योग्याची चौदाशे वर्षांची वयोमर्यादा मान्य केली तर हा चांगदेव आणि तो चांगदेव एकच ठरवायलाही अडचण नाही, परंतु शिलालेखाला ते मान्य होणार नाही.

आणि उलट प्रकारचीही चूक घडते. येथे आतापर्यंत दोघांचा एक झाल्याची उदाहरणे आली. अकराव्या शतकात अल-बिरुनीने भारतीय ज्योतिषाचा अभ्यास करताना दोन आर्यभटांविषयी लिहिले, एक जुने आणि एक कुसुमपूरचे. पुढे बिभूतिभूषण दत्त यांनी १९२६ साली दाखवून दिले की, अल-बिरुनीचे ते दोन्ही आर्यभट म्हणजे ४७६ साली जन्मलेले एकच आर्यभट होते. ‘महासिद्धांत’ लिहिणारे दुसरे आर्यभट खरोखरच होऊन गेले, परंतु अल-बिरुनी ज्याला दुसरा समजत होता तो हा नव्हे.


खाडीपूल

आता पुन्हा ठाण्यावर येऊ या, कारण आपल्याच गावच्या राजांची अशीच कथा आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे हे ठाणे. त्या घराण्यात अपरादित्य नावाचे दोन राजे बाराव्या शतकातच होऊन गेले, पहिला पूर्वार्धात आणि दुसरा उत्तरार्धात, मध्ये मल्लिकार्जुन वगैरे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही प्रसिद्ध टीका अपरादित्याची आहे, हे निश्चित. प्रश्न होता कोणत्या. अपरार्क आणि अपरादित्य यांचा अर्थ एकच, दोन्हींत सूर्यच आहे, त्यामुळे नावावरून काही ठरत नव्हते. उत्तर मिळाले ते काश्मिरातून. मंख या काश्मिरी कवीने आपल्या काव्यात पंडितांच्या एका सभेचे वर्णन केले आहे, तीत कोकणाधिपती अपरादित्याने पाठवलेला तेजकंठ नावाचा विद्वान हजर होता. मंखाचा काळ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धाचा असल्यामुळे हा अपरादित्य पहिलाच ठरतो आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीही टीकेचा काळ त्याच सुमाराचा धरला आहे. दुसऱ्या अपरादित्याची ओळख आपल्याला शके ११०८ च्या परळच्या शिलालेखातून होते. धर्मशास्त्रावरचा एवढा मोठा ग्रंथ ठाण्याच्या राजाच्या नावावर आहे, आणि आपल्या गावात त्याच्या नावाची एक गल्लीसुद्धा मला आढळलेली नाही.


हिशेबनीस

मोरोपंतही घ्यावेत, मुलांना मौज वाटेल. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे. बारामतीचे आर्याकर्ते मोरोपंत (१७२९–१७९४). झाशीच्या राणीचे वडील मोरोपंत तांबे. आणि विसाव्या शतकात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक मोरोपंत पिंगळे (१९१९–२००३), म्हणजे आडनावासह पुन्हा तेच.


जिज्ञासू_घोडबंदर

योगसूत्रे लिहिणारे पतंजली आणि व्याकरणमहाभाष्य लिहिणारे पतंजली एकच की दोन, हा प्रश्न या धाग्यात घ्यावा का?


मासुंदाकाठ

जिज्ञासू, परंपरा एक मानते आणि अनेक आधुनिक अभ्यासक दोन मानतात. पाचवीच्या मुलांसमोर ते भांडण मांडण्याचे धाडस माझ्यात नाही, म्हणून पतंजलींना यंदा रजा.

प्रदर्शन काल सायंकाळी लागले. एकूण एक्केचाळीस कार्डे झाली. नावे सारखी असलेल्या कार्डांना मुलांनी दोऱ्यांनी जोडले आहे: आजोबांवरून नाव मिळाले असेल तर तांबडा दोरा, सासरी मिळाले असेल तर हिरवा, स्वतः घेतले असेल तर पिवळा, आणि केवळ योगायोग असेल तर पांढरा. बाळ गंगाधर आणि वासुदेव बळवंत पांढऱ्यावर आहेत. आनंदीबाईंच्या कोपऱ्यात हिरवा दोरा इतका गुंतला की तो सोडवायला अर्धा तास लागला. दुसऱ्या चिमाजी अप्पांपाशी आल्यावर त्या मुलीने कार्ड भावाशेजारी लावायचे की सवाई माधवरावांच्या खाली मुलगा म्हणून लावायचे, असे विचारले. हिशेबनीस यांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने कार्ड भावाशेजारीच लावले, सवाई माधवरावांपर्यंत पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि ती अर्धी खोडून ठेवली.

राजर्षी शाहूंचे ते चित्र मी गरम पाण्याच्या वाफेवर धरून तक्त्याच्या मजकुरापासून सोडवले आणि नव्या कार्डावर लावले. साताऱ्याच्या थोरल्या शाहूंचे चित्र मात्र अजून मिळालेले नाही. धाकट्या शाहूंचेही नाही. त्या दोन कार्डांवर सध्या रिकाम्या चौकटी आहेत. कोणाकडे छापण्यायोग्य चित्र असल्यास पुढच्या रविवारपर्यंत कळवावे.